व्याह्याच्या दारी धरणं

मालोजी अंगणात येऊन बसला त्याला आज तिसरा दिवस होता. तो स्वतः उपाशी होता, पण त्याचे बैल पहिल्या दिवसापासून पोटभर खात होते.

"बैलांना पेंढा घालू नको असं मी तुला सांगितलं व्हतं ना?" धाकलू ठोंबरे पडवीतून बायकोवर ओरडला.

"मुकी जनावरं ती," भागूबाई म्हणाली. "त्यांचं कुणाशी काय देणं-घेणं?"

"तसं नाय. बैल त्यांचे, पेंढा आपला. म्हंजे त्यांच्या बाजूनं आपल्या घरचं खाल्लं गेलं. म्हंजे धरणं मोडलं. व्हय का नाय, व्याहीबुवा?"

मालोजीने घोंगडीवरून मान वर केली नाही. हा मुद्दा त्याने काल दोनदा ऐकला होता.

"बैल माझे," तो म्हणाला. "पोट त्यांचं."

खरं म्हणजे मालोजी धरणं धरायला आलाच नव्हता. कर्जतपलीकडच्या कोंडाण्याहून गाडी जुंपून तो आपल्या लेकीला, हिरूला, बाळंतपणाला न्यायला आला होता. तिचा सातवा सरत आला होता आणि आठव्यात पोटुशी बाई गाडीत बसत नाही, गावाची शीव ओलांडत नाही. मागच्या खेपेला पावसाने नदी भरली, हिरू सासरी शेलूतच राहिली, आणि दोन दिवस कळा देऊन जे मूल झालं ते रडलंच नाही. कोंडाण्याला तिची आई अंबाबाई होती. आसपासच्या दहा गावांतल्या बायका तिने बाळंतपणात सोडवल्या होत्या. फक्त स्वतःच्या लेकीपाशी ती पोचली नव्हती.

म्हणून या वेळी मालोजी वेळेत आला. गाडीत गवत पसरलं, त्यावर गोधडी घातली, हिरूचं गाठोडं चढवलं. आणि मग धाकलूला थट्टा करायची बुद्धी झाली.

"जपून न्या हां, व्याहीबुवा," तो म्हणाला. "मागं माझी चाळीस रुपयांची म्हैस तुमी वाटंत मारलीत."

मालोजीने हातातलं जू खाली ठेवलं. गाडीतली घोंगडी काढली, अंगणात अंथरली, आणि बसला.

हिरूच्या लग्नात देज ठरलं होतं शंभर रुपये. नवऱ्यामुलाच्या बापाने मुलीच्या बापाला ते द्यायचं, अशी दोन्ही घरांची रीत. धाकलूने साठ रोख दिले आणि चाळिसांपोटी एक म्हैस दिली. म्हैस शेलूच्या गोठ्यातून धडधाकट निघाली, कर्जतच्या अलीकडे रस्त्यात बसली आणि पुन्हा उठली नाही. धाकलूचं म्हणणं, माझ्या गोठ्यातून निघाली तेव्हाच मी फिटलो. मालोजीचं म्हणणं, माझ्या गोठ्यात आलीच नाही तर मला काय मिळालं? मरताना म्हैस कुणाची होती, हा प्रश्न सहा वर्षं दोन्ही घरांत धुमसत होता. तो एकमेकांसमोर कुणी काढत नव्हतं, म्हणून सगळं बरं चाललं होतं.

आता तो प्रश्न निघाला होता. आणि घेणेकरी दारात उपाशी बसला असताना देणेकऱ्याच्या घरात कुणी जेवायचं नसतं. जेवलं तर त्या उपाशी माणसाचा तळतळाट लागतो, देव कोपतो. त्यामुळे तीन दिवस ठोंबऱ्यांच्या घरात कुणी जेवत नव्हतं.

म्हणजे, घरात जेवत नव्हतं. मळणी होऊन दीड महिना झाला होता, तरी धाकलूला दिवसातून चार वेळा खळ्यावर काम निघत होतं. त्याचा मुलगा सहदेव, हिरूचा नवरा, हरवलेलं वासरू शोधायला जात होता आणि तोंड पुसत परत येत होता. वासरू गोठ्यातच होतं. भागूबाई चुलीपाशी बसून मिठाची चव बघत होती, आणि ती बघता बघता काल अर्धी हंडी संपली होती.

अंगणातून मालोजीला हे सगळं दिसत होतं.

भागूबाई आत गेली. हिरू भिंतीला टेकून बसली होती. तिच्यापुढे सकाळची भाकरी तशीच होती.

"खा गं दोन घास. पोटुशीला धरणं लागत नाय."

"कुणी सांगितलं?"

"मी सांगत्ये."

"बा भाईर उपाशी हाय, आत्याबाई."

भागूबाईने आवाज खाली आणला. "तुजा बा रोज पहाटं तोंड धुवायला ओढ्यावर जातो ना, तवा त्याच्या कमरंच्या गाठीत भाजलेले वाल असतात. मी सोता बघितलंय."

"मला म्हाईत हाय," हिरू म्हणाली. "ते काल दुपारी संपले."

भागूबाईने हिशेब केला. हिरूने काल दुपारपासूनच अन्न टाकलं होतं. तिने भाकरी उचलली, पुन्हा खाली ठेवली, आणि यात कुणाला शिव्या द्याव्यात हे न कळल्यामुळे चुलीला दिल्या.

धाकलूचा पुतण्या गजा सकाळच्या आगगाडीने नेरळला उतरून, तिथून चालत आला. तो कर्जतच्या कचेरीत उमेदवार होता. उमेदवाराला पगार नसतो, पण बसायला जागा असते, आणि तिथे बसून गजाने चार वर्षं कागदांच्या नकला केल्या होत्या. काकांचा निरोप मिळाल्यावर त्याने एका कारकुनाचे पाय धरून कायद्याच्या पुस्तकातलं एक कलम उतरवून आणलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा घरातल्या कुणाला त्याची गरज पडली होती. वाटेत त्याने ते इतक्यांदा वाचलं की तो दोनदा रस्ता चुकला.

तो पडवीच्या पायरीवर उभा राहिला, घसा साफ केला, आणि वाचलं. दुसऱ्यावर दैवी कोप होईल अशी समजूत करून देऊन, जे करायला तो कायद्याने बांधलेला नाही ते त्याच्याकडून करवून घेणं, हा गुन्हा आहे. कलम पाचशे आठ. एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही.

"आणि खाली उदाहरण दिलंय," गजा म्हणाला. "'अ हा य याच्या दारी धरणे धरून बसतो.'"

"हा अ कुठला?" मालोजीने विचारलं.

"अ म्हंजे तुमी, बाबा."

"माजं नाव मालोजी. कागद माज्यावर आला तर माज्या नावानं येऊं दे. दुसऱ्याच्या गुन्ह्याला मी जबाबदार नाय."

"आणि य कोण?" धाकलूने विचारलं.

"य म्हंजे तुमी, काका."

धाकलू एकदम ताठ झाला. "बघा! सरकारनं छापून ठेवलंय. कवाचा म्हणायचा हा कायदा?"

"झाली की वीस-बावीस वर्षं."

मालोजीने पहिल्यांदाच नीट वर पाहिलं. "म्हंजे मी यांच्या दारात बसणार हे सरकारला वीस वर्षांमागं ठावं व्हतं? तवा हिरी जन्मली पण नव्हती." त्याच्या मनात सरकारविषयी आदर वाढलेला दिसत होता.

"तर उठता का?" गजा म्हणाला.

"कशाला? मी धरणं धरलंच नाय."

"मग तीन दिवस उपाशी कशाला बसलात?"

"अरं लेकरा, हे माज्या लेकीचं घर. लेकीला पोर झाल्याबिगर बाप तिच्या घरचं पाणी तरी पितो का? सहा वर्षांत मी इथं कवा जेवलो? इचार तुज्या काकाला. उपाशी हाय तो रीतीनं हाय."

गजाने कागद पाहिला. त्यावर याबद्दल काहीच नव्हतं. त्याने कागद उलटा करून पाहिला.

"मग घोंगडी अंथरून काय करता?"

"बसलोय. बसायला कलम हाय का?"

कचेरीतला साहेब असता तर त्याने काय विचारलं असतं, याचा गजाने विचार केला, आणि तो काकांकडे वळला. "काका, सगळं कोपावर अडतं. तुमाला यांच्या तळतळाटाची भीती वाटते का?"

"मला? हॅट्! मी कुणाच्या बापाला भीत नाय."

"मग गुन्हा व्हत नाय."

"व्हत नाय?" धाकलूने इकडे तिकडे बघितलं. "मग... थोडी वाटते."

"तसं कचेरीत सांगावं लागंल. चारचौघांत. मी व्याह्याला भ्यालो म्हणून."

"सांगा, व्याहीबुवा," मालोजी म्हणाला. "मी येतो ऐकाया. गाडी तयारच हाय."

धाकलू घोटभर पाणी प्याला. मग पाण्याने धरणं मोडतं की नाही हे आठवेना, म्हणून त्याने उरलेलं ओतून दिलं. "ते काय नाय. गजा, तू नोटीस लिव. इतक्या दिवसांत उठला नाय तर फिर्याद."

"सात दिवस लिवतो."

"सात?" भागूबाई दारातून ओरडली. "अरं मेल्या, उद्या आठवा लागतोय तिला!"

"नोटिशीत सातापेक्षा कमी बरं दिसत नाय, काकी."

"लिव, लिव," मालोजी म्हणाला. "मी पण लिवून देतो. माज्या चाळिसांचा दावा लावतो कर्जतला."

इथे मात्र गजाला पक्कं ठाऊक होतं. त्याचा आवाज परत आला. "दावा चालणार नाय. तीन वर्षांची मुदत. तुमचं देणं सहा वर्षांचं. बुडालं ते."

"तीन वर्षांनी देणं मरतं?"

"कायद्यानं मरतं."

"मग तीन वर्षांनी म्हैस जिती व्हते का रं, कायद्यानं?"

गजा कागदात म्हैस शोधू लागला.

"नसू दे दावा," मालोजी म्हणाला. "मग असं बघा. शंभरातले साठ दिलेत. म्हंजे लेक किती दिली मी तुमाला? साठांची. चाळिसांची ती अजून माजी."

"कुठली चाळिसांची?" धाकलू उसळला. "काय वरून मोजायची का खालनं?"

"ते तुमी ठरवा. देणेकरी तुमी."

"ठीक हाय. पाय तुमचे. नायतरी चालाया लागली की म्हायेराकडंच चालते."

"आणि हात कुणाचे? भाकऱ्या तुमच्याकडं थापल्या ना सहा वर्षं? त्याचा हिशेब?"

गजाने नकळत कागदाच्या कडेला 'हात' असं लिहिलं आणि घाईघाईने खोडलं.

दाराआड हिरू उभी होती. पोटातलं पोर आतून ढुशा देत होतं. ते कुठल्या भागात धरायचं, साठांत की चाळिसांत, हे अजून कुणी काढलं नव्हतं. पण काढतील, हे तिला कळत होतं. दोघांनाही ती चांगली ओळखत होती. बा वाईट माणूस नव्हता. सासराही नव्हता. मागच्या वेळी मूल गेलं तेव्हा धाकलू चार दिवस खळ्यावर जाऊन बसला होता, आणि तेव्हा तिथे त्याने काही खाल्लंही नव्हतं.

तिने अंगणातल्या गाडीची सावली पाहिली. ती चाकाच्या आऱ्यापाशी होती. आत्ता निघालं तर दिवस असताना कोंडाण्याला पोचता येत होतं. सावली चाकाबाहेर गेली की मग जमणार नाही. आणि उद्यापासून नाहीच.

ती पदर सावरून बाहेर आली. सासऱ्यापुढे तोंड उघडून ती सहा वर्षांत पाच-सहा वाक्यं बोलली असेल, त्यामुळे पायरीवर उभी राहिल्यावर सगळे तिला काय हवंय म्हणून भागूबाईकडे पाहू लागले.

"गजाभावजी, त्या कागदातला य पुरुषच पायजे का? बाई चालते?"

गजाने कलम पुन्हा वाचलं. "कुणीबी चालतं."

"मग लिवा. य म्हंजे हिरू."

"सूनबाई, आत जा," धाकलू म्हणाला.

"मामांजीला भीती वाटत नाय. मला वाटते," हिरू म्हणाली. "मागचं गेलं तवापासून रोज वाटते. कुणाचा तळतळाट लागला म्हणून रोज इचार करते. आता या पोराच्या डोक्यावर एक जण उपाशी बसून ऱ्हायलाय, आणि दुसरा त्याला उठू देत नाय. मी सांगते कचेरीत. चारचौघांत सांगते. लिवा. अ म्हंजे माजा बा, मालोजी."

"हिरे!" मालोजी म्हणाला.

"आणि दुसरा अ..."

"दुसऱ्याला ब म्हणतात, वैनी," गजा हळूच म्हणाला. तो लिहायला लागला होता.

"ब म्हंजे मामांजी."

"मी?" धाकलू उभा राहिला. "मी काय केलं? बसलेत ते!"

"तुमी बसवलंत. म्हशीचं तुमी काढलंत."

याने कलम लागतं की नाही, याची गजाला मुळीच खात्री नव्हती. पण या घरात पहिल्यांदा कुणी तरी त्याला नीट, अर्थ लागेल असं सांगत होतं, आणि त्याचा हात थांबेना.

"एक वर्ष कैद," तो लिहिता लिहिता म्हणाला. "दोघांना."

"कुठं?" मालोजीने विचारलं.

"ठाण्याच्या तुरुंगात."

"एका खोलीत?"

"जागा असंल तसं. एकाच गुन्ह्याचे म्हंजे एकत्रच ठेवतील बहुतेक."

मालोजीने धाकलूकडे पाहिलं. धाकलूने मालोजीकडे पाहिलं. एक वर्ष, सकाळ-संध्याकाळ, एका खोलीत, आणि मधे ती म्हैस.

"व्याहीबुवा," धाकलू खाकरून म्हणाला, "म्हैस गोठ्यातनं निघाली तवा जरा खोकत व्हती. आता आठवतं मला."

"मीबी तिला उन्हाचं हाकलली," मालोजी म्हणाला. "दुपारी झाडाखाली बांधायला पायजे व्हती."

"निम्मं निम्मं," हिरू म्हणाली. "तिचं मरण दोघांचं. वीस तुमी द्यायचे मामांजी, वीस बानं सोडायचे. आत्ता. देतो-घेतो नाय."

"आत्ता वीस कुठनं आणू?"

भागूबाई आत गेली आणि तांदळाच्या कणगीतून एक पुरचुंडी घेऊन आली. वीस रुपये निघाले. आत आणखी काही राहिले असावेत, कारण तिने ती फार पटकन बांधली.

"हे कुठनं आले?" धाकलूने विचारलं.

"तुमी खळ्यावर जाता ना कामाला," भागूबाई म्हणाली. "तसंच माजंबी काम असतं."

गजाने दोघांचे अंगठे घेतले. मालोजीने रुपये कमरेला बांधले. सहदेव सकाळपासून गोठ्याच्या दाराशी एक शब्द न बोलता उभा होता. तो पुढे आला आणि कुणाला न विचारता बैल जुंपायला लागला.

मालोजी मात्र घोंगडीवरून उठला नाही.

"आता काय?" धाकलू म्हणाला.

"असं कसं उठू? देणेकऱ्यानं आपल्या हातानं जेवू घातल्याबिगर धरणं मोडतं का? तसाच उठलो तर तळतळाट इथंच ऱ्हाईल. याच दारात."

"मग धरणं नव्हतं म्हणालात ना मगाशी?" गजा ओरडला.

"ते कचेरीसाठी. हे देवासाठी."

"मग जेवा की," धाकलू म्हणाला. "अगं, वाढ त्यांना."

"लेकीच्या घरी?"

पोर होईपर्यंत बाप लेकीच्या घरी जेवणार नाही. जेवल्याशिवाय धरणं उठणार नाही. धरणं उठल्याशिवाय बाप गाडी हाकणार नाही, आणि गाडी निघाल्याशिवाय पोर नीट होणार नाही. गजाने हे बोटांवर मोजलं, आणि पहिल्याच बोटावर परत आला. त्याने सुचवलं की अंगणाच्या कुडाबाहेर बसून जेवावं. धाकलू म्हणाला, कुडाबाहेरची जमीनही माझीच आहे, सातव्या आंब्यापर्यंत. मालोजी म्हणाला, मग सातव्या आंब्यापर्यंत लेकीचं घर.

गाडीची सावली चाकाच्या कडेला आली होती.

"बा," हिरू म्हणाली, "तू बस. मी निघते."

सहदेवने तिला हात दिला. ती गोधडीवर बसली, गाठोडं पाठीशी घेतलं. सहदेव पुढे गाडी हाकायला बसला. बापाच्या डोळ्यांदेखत, बापाच्याच गाडीतून, त्याच्याविना लेक माहेरी निघाली, आणि दोन्ही म्हातारे तोंड उघडं ठेवून बघत राहिले. भागूबाई गाडीच्या मागे थोडं चालली, गोधडीत चार भाकऱ्या खोचल्या, आणि म्हणाली, "आता तरी खा गं." हिरूला पहिला घास तोडताना पाहिलं, तेव्हाच ती मागे फिरली.

अंगणात येऊन ती मालोजीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. व्याह्याशी सरळ बोलायची रीत नव्हती, म्हणून ती घोंगडीकडे बघून बोलली.

"लेक गेली म्हायेरी. आता हे लेकीचं घर कुठं ऱ्हायलं? आता हे नुसतं व्याह्याचं घर."

मालोजीने यावर बराच विचार केला. गजाने कागद काढला आणि पुन्हा खिशात ठेवला.

"अजून गाडी गावात हाय," मालोजी शेवटी म्हणाला. "शिवंच्या भाईर जाऊं दे."

भागूबाईने दोन पानं वाढली. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, भाजलेली सुकट. मालोजी घोंगडीवर, धाकलू त्याच्यासमोर पाटावर. गजा बघेल या भीतीने धाकलू आज खळ्यावर गेला नव्हता. तोही खराच उपाशी होता.

गाडीचं चाक कुरकुरत होतं. आवाज वळणापर्यंत गेला, बांधाआड गेला, बारीक झाला.

"आता?" धाकलूने विचारलं.

"येतोय अजून."

"चाकाला तेल घालीत नाय का तुमी?"

"घातलं असतं तर आता कळलं कसं असतं?"

कुरकुर आणखी बारीक झाली. मग नाहीशी झाली. भाकरी गार होत होती. धाकलूने वाट पाहिली, आणि मग आपल्या हाताने एक घास मोडून, बिरड्यात बुडवून व्याह्यापुढे धरला.

"गेली शिवंभाईर. घ्या."

मालोजीने घास घेतला नाही. "ओढ्याचा चढ अवघड हाय," तो म्हणाला. "बैल तिथं अडतात. चढली की परत आवाज येतो."

धाकलूने हात तसाच ठेवला. बिरड्याचा रस त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत आला, तरी त्याने तो पुसला नाही. दोघे मान तिरपी करून ऐकत राहिले.